नियम बदलले आणि देव मेले

डेल कालगणनेच्या १३५८व्या वर्षी फेरुन खंडातले झाडून सारे मारेकरी मेले. कुणी त्यांना पकडले नाही, कुठे लढाई झाली नाही. जुलुमाचा देव बेन याला दुसऱ्या एका देवाशी झुंजायला बळ हवे होते आणि ते त्याने या मारेकऱ्यांच्या प्राणांतून ओढून घेतले. फेरुनमधल्या बखरकाराला एवढे कारण पुरेसे आहे. खरे कारण मात्र अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा नावाच्या लहानशा गावातल्या टीएसआर कंपनीच्या कचेरीत सापडते. तिथून १९८९ साली ‘ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची दुसरी आवृत्ती निघाली आणि तिच्या नियमपुस्तकातून ‘मारेकरी’ हा क्लास गायब झाला.

हा खेळ ज्यांनी कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जायला हवे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली बाजारात आला. त्यात चारपाच जण टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. कुणी लढवय्या होतो, कुणी जादूगार, कुणी चोर. या पेशांना खेळात क्लास म्हणतात. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम होतो. खेळाडूंची पात्रे सोडून उरलेले सगळे जग, त्यातले राजे, भटारखाने, राक्षस आणि हवामान, त्याच्या ताब्यात असते. खेळाडू म्हणतो, मी या दरीवरून उडी मारतो. जमते की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. एकच कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. तिला कॅम्पेन म्हणतात. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेतली मुले तळघरात बसून खेळतात तो हाच खेळ.

नियमपुस्तक फासे कसे टाकायचे ते सांगते. खेळ कुठल्या देशात, कुठल्या देवांच्या छायेत घडतो हे सांगणारे पुस्तक वेगळे असते. त्याला कॅम्पेन सेटिंग म्हणतात. नकाशे, राजवंश, युद्धांचा इतिहास, शहरांतल्या टोळ्या, सणवार असा ऐवज त्यात असतो. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते, पण नियम झिरपत झिरपत जगात उतरतात.

जादूचेच उदाहरण घ्या. जॅक व्हान्स या लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डायिंग अर्थ’ या पुस्तकातून गायगॅक्सने एक कल्पना उचलली. जादूगार मंत्र पाठ करतो आणि एकदा तो उच्चारला की त्याच्या डोक्यातून पुसला जातो. पुन्हा हवा असेल तर पुन्हा पोथी उघडायची. हा नियम टेबलावर सोपा आहे, पण त्यातून अख्खी समाजव्यवस्था उभी राहते. अशा जगात जादूगाराची पोथी त्याच्या सोन्यापेक्षा मोलाची ठरते. शहाणा शत्रू त्याच्यावर संध्याकाळी चाल करून येतो, कारण तोवर सकाळचे मंत्र संपलेले असतात. गुरू-शिष्य, मंत्रांची चोरी, जादूगारांचे एकांतातले मनोरे हे सगळे त्या एका नियमातून आपोआप येते. मग एके दिवशी नवी आवृत्ती येते आणि सांगते की काही जादू कितीही वेळा करता येईल, विसरण्याचा प्रश्नच नाही. त्या मनोऱ्यांचे आणि त्या पोथ्यांचे आता काय करायचे?

इथे एक कसोटी फार उपयोगी पडते: नियमातला हा बदल त्या जगात राहणाऱ्या माणसाला कळेल का? दुसऱ्या आवृत्तीत चिलखताचा आकडा जितका कमी तितके चिलखत चांगले, आणि घाव बसला की नाही हे ‘थॅको’ नावाच्या वजाबाकीने ठरायचे. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने हे उलटे केले. आकडा जास्त तर चिलखत चांगले. नवख्या खेळाडूंचा केवढा तरी जाच यामुळे संपला. पण फेरुनमधल्या लोहाराला यातले काही कळण्याचे कारण नाही. त्याने घडवलेले चिलखत काल जेवढे मजबूत होते तेवढेच आजही आहे. याउलट दुसऱ्या आवृत्तीपर्यंत ड्वार्फ, म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारे बुटके, दाढीवाले कारागीर लोक, जादूगार होऊच शकत नव्हते. तिसरीने ती बंदी उठवली. हे मात्र ड्वार्फच्या आईला नक्की कळेल, कारण तिचा मुलगा हातोडा सोडून पोथी घेऊन बसलेला तिला दिसेल. पहिल्या प्रकारच्या बदलाला कथेत कसलेही स्पष्टीकरण लागत नाही. अडचण सगळी दुसऱ्या प्रकाराची असते.

रिच बर्ल्यू या चित्रकथाकाराने हा फरक नेमका हेरला होता. त्याच्या ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ या चित्रमालिकेच्या २००३ सालच्या पहिल्याच भागात पात्रे अंधाऱ्या भुयारात उभी असताना त्यांच्या अंगावर नवी आवृत्ती येऊन आदळते. साडेतीन नंबरची आवृत्ती त्याच वर्षी निघाली होती. ज्या आकड्यांची पात्रांना जाणीवही नसायला हवी ते बदलताना ती उघड्या डोळ्यांनी पाहतात आणि त्यावर बोलतात, म्हणून त्या भागाला मजा आली.

फरगॉटन रेल्म्स हे या सगळ्या कथेतले सर्वांत मोठे आणि सर्वाधिक हाल सोसलेले जग आहे. फेरुन हा त्याचा मुख्य खंड. ते निर्माण केले एड ग्रीनवुड या कॅनेडियन लेखकाने, आणि तेही १९६७च्या सुमारास, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जन्माला येण्याच्या कितीतरी आधी. तेव्हा लहान मुलगा असलेला ग्रीनवुड आपल्या गोष्टींसाठी एक जग रचत बसला होता. पुढे नियम हाती आले तेव्हा त्याने ते जग त्यांच्यात बसवले. म्हणजे रेल्म्सचे पहिले रूपांतर त्याच्या जन्मदात्यानेच केले. १९७९पासून तो ‘ड्रॅगन’ मासिकात लिहू लागला. त्याच्या लेखांत एल्मिन्स्टर नावाचा एक वृद्ध जादूगार माहिती पुरवतो आणि ग्रीनवुड ती केवळ उतरवून घेतो, असा बेत असे. या युक्तीचे महत्त्व पुढे लक्षात आले. सांगणारा एक माणूस आहे आणि तो सर्वज्ञ नाही, असे एकदा ठरले की पुस्तकातली माहिती उद्या चुकीची निघाली तरी जग मोडत नाही. एल्मिन्स्टरला तेवढेच ठाऊक होते, असे म्हणता येते.

टीएसआरने हे जग विकत घेतले आणि जेफ ग्रबच्या देखरेखीखाली १९८७ साली त्याचा पहिला संच बाजारात आणला. दोनच वर्षांनी दुसरी आवृत्ती आली. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या काही धार्मिक आणि पालक गटांनी या खेळावर सैतानपूजेचा आरोप करत मोठी मोहीम चालवली होती. त्या पार्श्वभूमीवर नव्या आवृत्तीतून मारेकरी गेले, अर्ध-ऑर्क ही मिश्र जमात गेली, राक्षसांची ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावेही गेली. जादूचे नियम बदलले, पुरोहितांचे बदलले. या बदलांना रेल्म्समध्ये कथेचे रूप द्यायचे, असे कंपनीने ठरवले. त्यातून ‘टाइम ऑफ ट्रबल्स’ जन्मले. देवांचाही देव असलेला एओ संतापतो आणि साऱ्या देवांना मर्त्य देहात पृथ्वीवर ढकलून देतो. त्या गोंधळात बेन मरतो, मृत्यूचा देव मर्कुल मरतो, मारेकऱ्यांचा देव भाल मरतो. जादूची देवी मिस्ट्राही मरते आणि मिडनाइट नावाची एक मर्त्य जादूगारीण तिच्या जागी, तिच्याच नावाने बसते. तीन कादंबऱ्या, खेळाची तीन साहसे आणि १९९० सालचे ‘फरगॉटन रेल्म्स ॲडव्हेंचर्स’ हे नव्या नियमांचे पुस्तक, असा हा सगळा पसारा होता.

आज मागे वळून पाहिले तर हे रूपांतर यशस्वी म्हणावे लागते. त्याने जगाला जखमा केल्या, पण त्या जखमांतून नव्या कथा निघाल्या. आपला मृत्यू भालला आधीच दिसला होता, म्हणून त्याने मर्त्य स्त्रियांच्या पोटी संतती निर्माण करून ठेवली, या एका धाग्यावर बायोवेअर कंपनीने १९९८ साली ‘बाल्डर्स गेट’ हा संगणकावरचा खेळ उभा केला. २०२३ साली आलेल्या आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळ ठरलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’मध्येही बेन, भाल आणि मर्कुल यांचीच सावली पसरलेली आहे. नियमपुस्तकातून एक क्लास वगळला गेला आणि चौतीस वर्षांनी लाखो लोक त्या मेलेल्या देवाच्या वारशाशी झुंजत होते.

तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी मालक बदलला होता. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने १९९७ साली टीएसआर विकत घेतली होती. २००१ साली आलेल्या रेल्म्सच्या पुस्तकाने कुठलाही प्रलय घडवला नाही. स्वर्ग-नरकांची पूर्वीची चक्राकार रचना जाऊन तिथे एक विश्ववृक्ष आला, नकाशा थोडा आवळला गेला, नव्या नियमांतले सॉर्सरर म्हणजे जन्मजात जादू असलेले लोक गावोगावी दिसू लागले. पुस्तकाचा सूर असा की हे आधीपासून असेच होते. वाचकांनी फारशी खळखळ न करता ते मान्य केले, कारण त्यांच्या ओळखीची माणसे आणि शहरे जागच्या जागी होती.

मग आले २००८ साल आणि चौथी आवृत्ती. तिने खेळाचा सांगाडाच बदलला. प्रत्येक क्लासची ताकद तीन प्रकारांत वाटली गेली: हवी तेव्हा वापरता येणारी, एका चकमकीत एकदाच चालणारी आणि दिवसातून एकदाच चालणारी. व्हान्सच्या पोथीतली विसरणारी जादू जवळपास संपली. ड्रॅगनचे तोंड असलेले ड्रॅगनबॉर्न लोक पहिल्या नियमपुस्तकातच मुख्य जमात म्हणून दाखल झाले. रेल्म्समध्ये त्यांना जागा नव्हती, म्हणून जागा करण्यात आली. सिरिक हा देव मिस्ट्राचा खून करतो, तिने सांभाळलेले जादूचे विणकाम फाटते आणि १३८५ साली ‘स्पेलप्लेग’ नावाची निळ्या आगीची साथ जगभर पसरते. जादूगारांचे राष्ट्र हालरुआ स्फोटात नाहीसे होते. अबेर नावाच्या जुळ्या जगाचे तुकडे येऊन पडतात. त्यातला एक उंथर या प्राचीन देशावर पडतो आणि तिथे ड्रॅगनबॉर्नांचे टायमँथर उभे राहते. माझ्टिका हा पश्चिमेकडचा अख्खा खंड जातो आणि त्या जागी अबेरचा भूभाग येतो. देवांची संख्याही छाटण्यात आली. काही मारले गेले, काहींना दुसऱ्याच देवाचे एक रूप ठरवण्यात आले. यावर कळस म्हणजे काळ जवळजवळ एक शतक पुढे ढकलला. नवे पुस्तक १४७९ साली सुरू होत होते.

या निर्णयामागे खरी अडचण होती, ती नाकारता येणार नाही. वीस वर्षांत रेल्म्सवर शेकडो कादंबऱ्या आणि पुस्तके निघाली होती. नव्या डीएमला धास्ती वाटे की समोरचा खेळाडू या जगाबद्दल आपल्यापेक्षा जास्त वाचून आला असेल. पाटी कोरी केली तर ही भीती जाईल, असा हिशेब होता.

तो चुकला. जुन्या वाचकाच्या दृष्टीने त्याने वीस वर्षे जपलेली माणसे एका प्रकाशनाच्या दिवशी मरून गेली. त्याच्या घरच्या कॅम्पेनमधला सराईवाला, त्याच्या खेळाडूंनी वाचवलेले गाव, कुणा पात्राचे लग्न, सगळे शंभर वर्षांपूर्वीचे झाले. आणि नव्या वाचकाचा भारही हलका झाला नाही. हालरुआच्या अवशेषांत फिरताना ते अवशेष कशाचे आहेत हे कळायला त्याला आधी हालरुआ वाचावे लागे. म्हणजे पूर्वीचा सगळा इतिहास होताच, त्यावर शंभर वर्षांचा आणखी थर चढला. अनेक टेबलांनी सरळ जुनेच साल धरून खेळ चालू ठेवला.

पुढे कंपनीलाही मागे फिरावे लागले. पाचवी आवृत्ती २०१४ साली आली, पण तिच्यासाठी वाट २०१३पासूनच सहा कादंबऱ्यांच्या मालिकेने करून ठेवली होती. ‘द संडरिंग’ हे त्या मालिकेचे नाव. एओ नियतीच्या शिला पुन्हा लिहितो, अबेर आणि टॉरिल, म्हणजे फेरुन ज्यात आहे ते जग, ही दोन जगे पुन्हा वेगळी होतात, मिस्ट्रा परतते, मेलेले देव परततात. आर. ए. साल्वातोरेच्या ड्रिझ्ट या लोकप्रिय नायकाचे मेलेले साथीदार पुन्हा जन्म घेतात. उंथरसुद्धा परत आला. एका आवृत्तीने केलेले दुसरीने निस्तरले आणि दोन्ही वेळा किंमत मोजली ती कथेने. देवाचा मृत्यू ही त्या जगातली सर्वांत गंभीर घटना असायला हवी. नियमपुस्तकाच्या वेळापत्रकानुसार देव मरू आणि उठू लागले की वाचकाला त्याचे काही वाटेनासे होते.

ड्रॅगनलान्स या जगाची गत याहून विचित्र झाली. मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांचे हे जग १९८४पासून गाजत होते. १९९५च्या ‘ड्रॅगन्स ऑफ समर फ्लेम’ या कादंबरीअखेर देव निघून गेले, जुनी जादू संपली, आणि पुढच्याच वर्षी टीएसआरने हे जग फाशांऐवजी पत्त्यांवर चालणाऱ्या ‘सागा’ नावाच्या नव्या पद्धतीत नेले. ती पद्धत कल्पक होती, पण ड्रॅगनलान्सच्या वाचकांनी ती मागितली नव्हती. ‘वॉर ऑफ सोल्स’ या कादंबरीत्रयीने उलगडा केला की देव गेलेच नव्हते. ताखिसिस या देवीने जगच चोरून दुसरीकडे नेऊन ठेवले होते. २००३ साली ड्रॅगनलान्स पुन्हा फाशांकडे आले.

या दोन्ही जगांच्या उलट मार्ग एबेरॉनने घेतला. विझर्ड्सने २००२ साली नव्या जगासाठी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा सुमारे अकरा हजार प्रस्ताव आले. शेवटच्या तिघांत वर उल्लेखलेला रिच बर्ल्यू होता. निवड झाली कीथ बेकरच्या प्रस्तावाची. तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांप्रमाणे लहानसहान जादू स्वस्त आणि मुबलक असेल तर समाज कसा दिसेल, या प्रश्नातून बेकरने आपले जग काढले. म्हणून तिथे जादूवर धावणारी रेल्वे आहे, हवेत तरंगणारी जहाजे आहेत, आणि नुकतेच संपलेले एक महायुद्ध आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये जे जे आहे त्याला एबेरॉनमध्ये जागा आहे, असे वचनही २००४च्या मूळ पुस्तकात होते. हे वचन पुढे फार कामाला आले.

चौथी आवृत्ती आली तेव्हा एबेरॉनचे साल ९९८ होते आणि २००९च्या नव्या पुस्तकातही ते ९९८च राहिले. २०१९च्या पाचव्या आवृत्तीच्या पुस्तकातही तेच. ड्रॅगनबॉर्नांना क्यूबाराच्या जंगलात घर मिळाले, कारण त्या भागात मूळ पुस्तकाने जागा मोकळी ठेवली होती. परीलोकातले एलाड्रिन ही चौथीची आणखी एक नवी जमात. महायुद्धाच्या अखेरीस सायर हा देश एका दिवसात कसा नष्ट झाला, याचे उत्तर बेकरने कधीच दिलेले नाही. त्याच दिवशी एलाड्रिनांची शहरे परीलोकातून निसटून या जगात अडकली, असे सांगण्यात आले. आधीच असलेल्या रहस्याला नवी बाजू जोडली, एकाही डीएमची कथा मोडली नाही. जगाच्या रचनेत मोकळ्या जागा ठेवण्याचे शहाणपण काय असते ते इथे दिसते.

आणि आता डार्क सन. या विषयावर अभ्यास करायला एकच पुस्तक निवडायचे झाले तर ते २०१० सालचे डार्क सनचे असावे.

मूळ डार्क सन १९९१ साली टिमोथी ब्राउन आणि ट्रॉय डेनिंग यांनी रचले आणि ब्रॉम या चित्रकाराने त्याला चेहरा दिला. ॲथास हे करपलेले जग आहे. पाणी दुर्मीळ, धातू त्याहून दुर्मीळ. तलवारी हाडाच्या किंवा लाव्हाकाचेच्या आणि त्या मोडतात. देव नाहीतच. शहरांवर हजारो वर्षे जगलेल्या जुलमी जादूगार-राजांची सत्ता आहे. जग करपले ते जादूमुळे, कारण इथली जादू झाडाझुडपांचा जीव शोषून चालते. दुसऱ्या आवृत्तीत याचे दोन वेगळे मार्ग होते. ‘डीफायलर’ भोवतालची हिरवळ राख करून जादू करतो आणि वेगाने वर चढतो. ‘प्रिझर्व्हर’ संयमाने करतो आणि मागे राहतो. खेळाडूने पात्र बनवताना एकदाच निवड करायची.

चौथ्या आवृत्तीत रिचर्ड बेकर, रॉबर्ट श्वाल्ब आणि रॉडनी थॉम्प्सन या रचनाकारांपुढे मोठाच पेच होता. चौथीचे सगळे गणित पात्राकडे जादूच्या तलवारी आणि चिलखते असणार हे धरून मांडलेले, तर ॲथासमध्ये साधे लोखंड मिळत नाही. चौथीत जखमा भरून काढण्याचे काम बऱ्याचदा देवाच्या पुजाऱ्याकडे, इथे देवच नाही. चौथीत ड्रॅगनबॉर्न आणि एलाड्रिन आहेत, ॲथासमध्ये ते कुणी पाहिलेले नाहीत.

त्यांनी एकेक गाठ वेगळ्या तऱ्हेने सोडवली. तलवारीतून मिळणारी वाढ पात्राच्या लेव्हलबरोबर त्याला आपोआप मिळू लागली. हाडाची तलवार हाडाचीच राहिली आणि गणितही जमले. हा रहिवाशाला न दिसणारा बदल होता. देवांवर चालणारे सगळे क्लास त्यांनी सरळ वर्ज्य केले आणि नियमपुस्तकात जे आहे ते सगळे घ्यायलाच हवे हा दंडक मोडला. जखमा भरण्याचे काम निसर्गशक्तीच्या आणि मनःशक्तीच्या क्लासांकडे गेले. ड्रॅगनबॉर्नांचे नियम ॲथासमध्ये आधीपासून असलेल्या ‘ड्रे’ लोकांना लावले. काळाच्या बाबतीत त्यांनी सर्वांत धाडसी पाऊल उचलले. नव्वदच्या दशकातल्या कादंबऱ्यांत अनेक जादूगार-राजे मारले गेले होते आणि १९९५च्या सुधारित संचाने ते मान्य करून जगातली निम्मी धग घालवली होती. २०१०च्या पुस्तकाने घड्याळ मागे नेले. टिर शहराचा राजा कालाक नुकताच मारला गेला आहे, बाकीचे राजे जिवंत आहेत आणि पुढे काय होईल ते खेळाडूंवर आहे.

सर्वांत सुंदर काम झाले ते जादूच्या नियमाचे. नव्या आवृत्तीत ‘डीफायलर’ हा वेगळा क्लास उरला नाही. प्रत्येक जादूगाराला, दिवसातून एकदाच वापरता येणारा मोठा मंत्र टाकताना, एक मोह समोर ठेवला गेला. फासा वाईट पडला आहे का? भोवतालचा जीव शोषून घे आणि फासा पुन्हा टाक. किंमत म्हणून नकाशावरच्या वीस चौकटींच्या आतल्या प्रत्येक साथीदाराला इजा होते. जुन्या नियमात झाडे मरत, पण टेबलावर बसलेल्या कुणाला झाडाचे दुःख होत नसे. आता शेजारी बसलेल्या मित्राच्या कागदावरचे आकडे खाली जातात आणि तो जादूगाराकडे बघतो. ॲथास का करपले हे समजावणारी पानेच्या पाने या एका नजरेपुढे फिकी पडतात. शब्दशः पाहिले तर हा नियम मूळ नियमापासून फार दूर गेला आहे, आणि तरीही १९९१च्या संचाला जे म्हणायचे होते ते तो मूळ नियमापेक्षा चांगले म्हणतो.

कधी बदलाचे कारण खेळाच्या बाहेरून, कायद्यातून येते. पाय्झो कंपनीचे ‘पाथफाइंडर’ आणि त्याचे गोलारियन हे जग तिसऱ्या आवृत्तीच्या खुल्या परवान्यावर उभे राहिले होते. जानेवारी २०२३मध्ये विझर्ड्स तो परवाना बदलू पाहते आहे हे उघड झाले आणि मोठा क्षोभ उसळला. विझर्ड्सने माघार घेतली, पण पाय्झोने धोका ओळखून आपली नियमपुस्तके नव्याने लिहायला घेतली. परक्या मालकीच्या ठरू शकतील अशा गोष्टी एकेक करून वगळल्या गेल्या. पात्रांची चांगले-वाईट अशी नऊ खान्यांतली वर्गवारी गेली, रंगांवरून ओळखले जाणारे ड्रॅगन गेले, भूगर्भात राहणारे काळे एल्फ म्हणजे ड्रोसुद्धा गेले. त्यांच्या भुयारांत आता सर्पमानव आहेत. इथे प्रलय घडवण्यापेक्षा गुपचूप पुसणे बरे, असे पाय्झोने ठरवले आणि ते योग्यच होते. वकिलाच्या सल्ल्याला महाकाव्याचा साज चढवला असता तर ते खोटे वाटले असते.

ग्लोरांथाची गोष्ट थोडक्यात. ग्रेग स्टॅफर्डने १९६६पासून हे जग रचले. १९७८पासून ते ‘रूनक्वेस्ट’, मग २००० सालचे ‘हिरो वॉर्स’, ‘हिरोक्वेस्ट’ आणि २०१८ साली पुन्हा ‘रूनक्वेस्ट’ अशा परस्परांहून अगदी भिन्न नियमांतून खेळले गेले. तिथे जग थोरले आणि नियम धाकटे, हे नाते पहिल्यापासून पक्के होते.

प्रकाशकांकडे कादंबरीकार आणि चित्रकार असतात. घरी खेळणाऱ्या डीएमकडे एक वही असते आणि पुढच्या रविवारची बैठक. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी विझर्ड्सने पात्रे कशी बदलावीत याची पुस्तिकाच काढली होती. चौथीचा सांगाडा इतका वेगळा होता की ओळीला ओळ लावून रूपांतर करण्यात अर्थ नव्हता. अनुभवी डीएम म्हणूनच आकड्यांपासून सुरुवात करत नाहीत. ते आधी खेळाडूला विचारतात की तुझे पात्र कशासाठी ओळखले जाते. एखादी चोर मुलगी कुलपांसाठी प्रसिद्ध असेल तर नव्या नियमांत कुलपांवर सर्वांत चांगला हात ज्या क्लासचा बसतो तो तिला द्यावा, जुन्या कागदावर ‘चोर’ लिहिले होते की नाही याला महत्त्व नाही. राक्षसांच्या बाबतीत तर नव्या पुस्तकातला जवळचा नमुना घेऊन जुने नाव देणे बहुतेक वेळा पुरते. डोके लावायचे ते जगाच्या मुळाशी असलेल्या टंचाईवर. पाचव्या आवृत्तीत पहिल्याच लेव्हलचा एक मंत्र दहा जणांची दिवसाची भूक भागवणारी फळे देतो. एबेरॉनमध्ये त्याने काही बिघडत नाही. ॲथासमध्ये तो मंत्र तसाच ठेवला तर वाळवंट निव्वळ देखावा उरते. तिथे डीएमने तो काढून टाकावा, किंवा त्याची किंमत हिरवळीच्या राखेत मोजायला लावावी.

२०२४ साली पाचव्या आवृत्तीची नियमपुस्तके नव्याने लिहिली गेली. ‘वंश’ या शब्दाच्या जागी ‘प्रजाती’ आली, ऑर्क आणि गोलायथ या जमाती मुख्य पुस्तकात आल्या, अर्ध-एल्फ आणि अर्ध-ऑर्क यांच्या स्वतंत्र नोंदी गेल्या. फेरुनच्या गल्लीबोळांत अर्ध-एल्फ भरलेले आहेत. यावेळी मात्र त्यांना मारायला कुठलाही देव धावला नाही, आकाशातून निळी आग पडली नाही. ज्यांना ते पात्र हवे त्यांनी जुन्या पुस्तकातले नियम वापरावेत, अशी मुभा आहे. ज्या डीएमच्या टेबलावर अजून १३७२ साल चालू आहे आणि हालरुआचे मनोरे उभे आहेत, त्यानेही नवे नियम खुशाल घ्यावेत. साल बदलण्याची गरज नाही.